टर्मिनल सैल करण्याचा सल्ला मी मागे घेतो

रात्री गाडी उभी केली की बॉनेट उघडायचं, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलचा नट सैल करायचा, केबल बाजूला सारायची आणि निवांत झोपायचं. सकाळी केबल बसवली की गाडी पहिल्या सेल्फला सुरू. झाशीत बॅटरीच्या तक्रारी घेऊन आलेल्या बऱ्याच जणांना मी हा सल्ला दिला आहे. काहींना तर स्वतः पाना हातात घेऊन करून दाखवलं आहे. आता माझं मत बदललं आहे आणि ते उघडपणे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण तो सल्ला पाळणारी माणसं अजून आहेत आणि माझ्या शब्दाखातर पाळत आहेत. जुनं मत का होतं आणि ते का सोडलं, दोन्ही सांगतो. जुन्या मतामागची कारणंही काही कच्ची नव्हती.

आम्ही झाशीचे मराठी. इथली काही घराणी नेवाळकरांच्या काळापासूनची, तर आमच्यासारखी बरीचशी रेल्वेमुळे आलेली. झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता आणि मुख्यालय मुंबईला. त्यामुळे भुसावळ, नागपूर, मुंबईकडची माणसं बदलीवर यायची आणि त्यांतली काही इथेच घर करायची. माझे वडीलही असेच आले. ते ट्रेन लायटिंगला होते. म्हणजे डब्यांतले दिवे, पंखे आणि त्यांना वीज देणाऱ्या बॅटऱ्या हे त्यांचं काम. आजही सुट्ट्या लागल्या की आमच्यातली बरीच घरं पंजाब मेल नाहीतर झेलम एक्सप्रेस पकडून महाराष्ट्रात जातात आणि गाड्या महिना-महिना दारात उभ्या राहतात. तेही मे-जूनमध्ये, जेव्हा इथला पारा ४५ अंशांच्या वर जातो. परत येऊन किल्ली फिरवावी तर बॉनेटखालून नुसती टकटक. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली लक्ष्मीबाईंचं लग्न झालं, तिथे आरतीनंतर चार मराठी माणसं बोलत उभी राहिली की बॅटरीचा विषय निघतोच, आणि माझा सल्ला पसरला तो तिथूनच.

पहिलं कारण माझ्या पहिल्या गाडीचं, प्रीमियर पद्मिनीचं. त्या गाडीत किल्ली काढली की सगळं बंद म्हणजे खरोखरच सगळं बंद. कार्ब्युरेटर, प्लॅटिनम पॉइंट, ना कुठला कॉम्प्युटर ना कुठली मेमरी. केबल काढल्याने गाडी काही विसरत नसे, कारण लक्षात ठेवण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. अशा गाडीला रात्री केबल काढून ठेवण्यात तोटा शून्य होता.

दुसरं कारण लॉकडाऊनचं. २५ मार्च २०२० पासून देशभर गाड्या जागच्या जागी थांबल्या. गॅरेज बंद, बॅटरीची दुकानं बंद, आणि औषधासाठी बाहेर पडायचं तर गाडी सुरू व्हायलाच हवी. त्या दिवसांत फोनवरून सांगता येईल आणि घरातल्या कुणालाही करता येईल असा एकच उपाय होता, तो म्हणजे केबल काढून ठेवणं. त्याने अनेकांच्या बॅटऱ्या वाचल्या. त्या सल्ल्याबद्दल मला आजही समाधान आहे.

तिसरं कारण गॅरेजमधल्या अनुभवाचं. बॅटरी बसली म्हणून गाडी नेली की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: बॅटरी गेली, नवी टाका. ती का गेली हे शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मालकाच्या हातात मग उरतो तो दहा नंबरचा पाना. शिवाय हा उपाय दर वेळी लागू पडायचा. जो उपाय दर वेळी लागू पडतो, त्याच्यावर शंका घ्यायचं कारणच पडत नाही. वायरिंग म्हणजे गुंता, त्यात गळती कुठे आहे ते कोण शोधणार, तिला रात्रीपुरती वाटच मिळू दिली नाही की झालं, असं माझं पक्कं मत होतं.

सध्याची माझी गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असलेली. तिने हळूहळू त्रास द्यायला सुरुवात केली. आधी चार-पाच दिवस उभी राहिली तर सुरू होईना, मग दोन दिवस पुरेसे झाले, मग एका रात्रीत बॅटरी बसू लागली. नवी बॅटरी घातली. काही महिने बरे गेले आणि पुन्हा तोच क्रम सुरू झाला. मग मी माझाच सल्ला पाळू लागलो, रोज रात्री केबल काढू लागलो.

एका रात्री माझी बहीण रेल्वेने येणार होती आणि तिला आणायला माझी पत्नी निघाली. मी घरी नव्हतो. बॅटरीची केबल काढलेली, म्हणून रिमोटने दार उघडेना. किल्लीने दार उघडलं तर आतला दिवा लागेना. बॉनेट उघडून मोबाइलच्या उजेडात केबल बसवली, पण पाना सापडेना, म्हणून नट हाताने आवळला. स्टेशनच्या वाटेवर कुठल्याशा खड्ड्यात केबल निसटली आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. घरी आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "अहो, रोज केबल काढता ते ठीक आहे. पण गाडीला झालंय काय, ते कधी बघणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. केबल काढण्याने बॅटरी वाचत होती, पण गाडीत काय चाललंय हे मला तिळमात्र कळत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी सीपरी बाजारातल्या एका गल्लीत ऑटो इलेक्ट्रिशियनच्या छोट्या दुकानात गेलो. पुढे जे पाहिलं त्यामुळे माझं मत बदललं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

मिस्त्रींनी पहिल्यांदा गाडीला हातच लावला नाही. बॅटरी उतरवून चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी, ती चार्जरवरून काढून काही तास नुसती ठेवल्यावर, व्होल्टेज बघितलं: १२.६. मग लोड टेस्टर लावून बघितलं, ती तिथेही टिकली. म्हणजे बॅटरी चांगली होती. जर बॅटरीच आतून खराब असती तर गळती शोधण्यात अर्थ नव्हता. तो प्रश्न त्यांनी आधी निकालात काढला.

मग बॅटरी गाडीत बसवली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवून त्याच्या कडेतलं कुलूप त्यांनी पेचकसाने दाबून बंद केलं, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटावं. बॉनेट वर, किल्ली खिशात, गाडी लॉक. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्या मधोमध आणलं, म्हणजे गाडीत जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जावा. मीटर लावण्याआधी त्यांनी दोन चिमटे असलेली एक वायर टर्मिनल आणि केबल यांच्यात जोडून ठेवली होती, मीटर लागल्यावरच ती काढली. मी कारण विचारलं. क्षणभरही वीज तुटली की गाडीतले कंट्रोलर पुन्हा जागे होतात आणि मीटरवर भलताच आकडा दिसतो, असं ते म्हणाले.

मीटरवर आकडा आला दोन अँपिअरच्या वर. मला वाटलं, सापडली गळती. मिस्त्री म्हणाले, "भाईसाहब, पहले गाड़ी को सो जाने दो."

हे मला नवीन होतं. आजच्या गाडीत किल्ली काढल्यावरही लॉकिंग, इमोबिलायझर, इंजिनाचा कंट्रोलर असे अनेक भाग काही वेळ जागे राहतात आणि मग एकेक करून झोपतात. काही गाड्यांना वीस मिनिटं लागतात, काहींना तासभर. तोवर मीटरने काहीही दाखवलं तरी त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, दार उघडायचं नाही, किल्लीला हात लावायचा नाही. आम्ही बाकावर बसलो, चहा आला. आकडा आधी एकच्या खाली उतरला, मग अर्ध्याच्या खाली, आणि ०.३८ वर येऊन थांबला. अर्धा तास उलटून गेला तरी तो तिथून हलेना. झोपलेल्या गाडीत साधारण ०.०५ अँपिअरपर्यंतचा प्रवाह रास्त मानतात. म्हणजे माझ्या गाडीत त्याच्या सात-आठ पट वीज रात्रभर कुठेतरी जात होती.

आता फ्यूज. मला वाटलं होतं की ते एकेक फ्यूज काढून बघतील. तशीही पद्धत आहे, पण फ्यूज काढून परत लावला की तो भाग जागा होतो आणि पुन्हा थांबावं लागतं. त्यांनी दुसरं मीटर घेतलं, मिलिव्होल्टवर लावलं आणि प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात त्यांना दोन टोकं टेकवत गेले. फ्यूजमधून प्रवाह जात असेल तर त्या दोन ठिपक्यांमध्ये एक-दोन मिलिव्होल्टचा फरक दिसतो, नसेल तर शून्य. एकही फ्यूज जागचा न हलवता ते पूर्ण डबा तपासून मोकळे झाले. कुठेही गळतीच्या मापाचा आकडा दिसला नाही.

इथे मी घरी निघालो असतो. मिस्त्री मात्र म्हणाले की फ्यूजमध्ये नाही, म्हणजे फ्यूजच्या आधी आहे. अल्टरनेटरपासून, ज्याला आमच्याकडे अजून सगळे डायनेमोच म्हणतात, बॅटरीकडे एक जाड वायर येते. ती या डब्यातल्या छोट्या फ्यूजांमधून जात नाही. त्यांनी निगेटिव्ह काढलं, ती जाड वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळली, निगेटिव्ह पुन्हा मीटरमधून जोडलं आणि आम्ही पुन्हा थांबलो. या वेळी आकडा उतरत उतरत ०.०२ वर आला.

गळती डायनेमोत होती. डायनेमो उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि त्याच्या आतले डायोड ती एकाच दिशेने बॅटरीकडे जाऊ देतात. गाडी उभी असताना हेच डायोड बॅटरीतली वीज उलट आत येऊ न देण्याचंही काम करतात. ते कमकुवत झाले की उलटी वाट उघडते. गाडी चालू असताना मात्र चार्जिंग जवळपास नेहमीसारखंच दिसतं. माझ्या गाडीतही १४ व्होल्टच्या वर येत होतं, आणि म्हणूनच आजवर कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. जो भाग दिवसा बॅटरी भरत होता, तोच रात्री तिला रिकामी करत होता. डायोड प्लेट बदलली, जाड वायर परत जोडली, गाडी पुन्हा झोपवून मोजली. आकडा ०.०२ वरच राहिला.

घरी येऊन मी हिशेब मांडला. ०.३८ अँपिअर म्हणजे दहा तासांच्या रात्रीत ३.८ अँपिअर-अवर आणि चोवीस तासांत नऊहून अधिक. दोन दिवस गाडी उभी राहिली की ३५ ची बॅटरी निम्म्याखाली. छोटी गाडी सुरू करायला सेल्फ साधारण दीडशे अँपिअर घेतो, पण तो दोनच सेकंद, म्हणजे ०.१ अँपिअर-अवरही लागत नाही. तेवढी वीज माझ्या गाडीतून उभ्या उभ्या तेरा मिनिटांत गळत होती. बॅटरी दमते ती गाडी सुरू करून, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि अशी पुन्हा पुन्हा खाली गेलेली बॅटरी नंतर पूर्ण भरतही नाही. शिशाच्या पट्ट्यांवर बसलेलं सल्फेट काही काळाने कडक होतं आणि चार्जिंगने परत विरघळत नाही. उष्णतेत आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानाने दुप्पट. झाशीच्या उन्हाळ्यात अर्धी रिकामी बॅटरी उभी ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. चार दिवसांवरून दोन आणि दोनांवरून एका रात्रीवर माझी गाडी का आली, याचा उलगडा असा झाला. प्रत्येक वेळी पूर्ण रिकामी झालेली बॅटरी थोडी लहान होत गेली होती.

रोज केबल काढणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून रोज रात्री टाकीचा कॉक बंद करणं. पाणी वाचतं हे खरं, पण नळ दिवसभर गळतच राहतो. शिवाय नव्या गाडीत केबल काढण्याची किंमतही आहे. घड्याळ आणि स्टीरिओचं सेटिंग जातं, काही गाड्यांत काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, इंजिनाच्या कंट्रोलरने स्थिर चालीसाठी जमवलेले बारकावे पुसले जातात आणि सेंट्रल लॉकिंग मुकं होतं. रोज सैल करून आवळलेला शिशाचा मऊ खुंट झिजतो, पकड ढिली होते आणि मग गाडी वाटेत बंद पडते. माझ्या पत्नीवर ती वेळ आली.

आणखी एक समज गेला. नव्या गाड्यांतला कॉम्प्युटरच बॅटरी खातो, असं मी ठामपणे म्हणायचो. माझ्या गाडीतले सगळे कंट्रोलर मिळून ०.०२ अँपिअर घेतात. कारखान्यातून आलेली गाडी आपली वीज फार जपून वापरते. मिस्त्रींशी बोलताना आणि नंतर ओळखीच्यांच्या गाड्या मोजताना लक्षात आलं की गळती बहुतेक दोनच ठिकाणी असते. एक तर एखादा भाग बिघडलेला असतो: चिकटून बसलेला रिले, न विझणारा डिकीचा दिवा, गळका डायोड. नाहीतर आपण बाहेरून बसवलेलं काहीतरी असतं. स्टीरिओची कायम वीज घेणारी आणि किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, अशा दोन्ही वायरी एकत्र पिळून बॅटरीवर दिलेल्या असतात. डॅशकॅम थेट बॅटरीला जोडलेला असतो. बाजारात बसवलेला अलार्म, ट्रॅकर, ॲम्प्लिफायर असतो. ग्लव्हबॉक्सचा ५ वॅटचा एक दिवा जळत राहिला तर तोही सुमारे ०.४ अँपिअर घेतो, माझ्या डायनेमोइतकाच. काचेवरच्या फास्टॅगवर पुष्कळ जण संशय घेतात. त्यात बॅटरीही नसते आणि तो गाडीला जोडलेलाही नसतो; टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवर तो तेवढ्यापुरता चालतो. बॅटरीच्या माथ्यावरची ॲसिडची ओली धूळ मात्र खरी चोर असते. मीटरचं एक टोक निगेटिव्हवर आणि दुसरं नुसतं बॅटरीच्या झाकणावर टेकवलं तरी व्होल्टेज दिसतं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, झाकणं घट्ट लावून ती पुसली की ते जातं.

हे सगळं बघताना मला बाबांचं काम वारंवार आठवत होतं. त्यांच्या काळच्या डब्यात ११० व्होल्टची बॅटरी असे, चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर तिला भरायचा, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यांतली एकही वायर डब्याच्या लोखंडाला लागता कामा नये असा दंडक होता. गाडी यार्डात आली की टेस्ट लॅम्पचं एक टोक डब्याच्या अंगाला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही वायरींना लावायचं. दिवा पेटला तर अर्थ लीकेज आहे. मग एकेक भाग वेगळा करत जायचं, दिवा विझेपर्यंत. मोटारीत हे थेट करता येत नाही, कारण तिथे गाडीचं सगळं अंगच निगेटिव्ह असतं. परतीची वायर म्हणजे बॉडीच. म्हणून दिव्याऐवजी प्रवाह मोजावा लागतो. पण पद्धत तीच: वेगळं करत जा आणि कशाने फरक पडतो ते बघ. रेल्वेत लीकेज असलेल्या डब्याची बॅटरी रात्रीपुरती तोडून ठेवावी, असं कुणाच्या मनातही आलं नसतं. त्या रात्री त्या डब्यात माणसं प्रवास करणार असत, त्यांना उजेड लागणार असे.

मत बदलण्याचं शेवटचं कारण माझ्या गाडीपुरतं नाही. मोटारीच्या बॅटरीच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिसं असतं. यूनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंता करण्याइतकं होतं, आणि उघड्यावर, विनापरवाना बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण सांगितलं होतं. आपल्याकडे २०२२ साली बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले आणि जुन्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आली. पण बॅटरीला अवेळी जुनी होऊ न देणं हे आपल्याच हातात आहे. गळती न शोधता बदललेली प्रत्येक बॅटरी म्हणजे कुठल्या तरी भट्टीकडे वेळेआधी गेलेलं शिसं आहे. त्या भट्टीच्या आसपास खेळणारी मुलं आपल्याला दिसत नाहीत, पण ती असतात.

मिस्त्रींनी माझ्याकडून डायोड प्लेटचे आणि ती बसवण्याचे पैसे घेतले. शोधण्यात त्यांचा जो वेळ गेला होता, त्याचे घ्यायला ते तयारच नव्हते. गिऱ्हाईक देत नाही, म्हणून मागायची सवयच राहिली नाही, असं म्हणाले. मला ते लागलं. आपण सुट्या भागाचे पैसे बिनतक्रार देतो, कारण तो भाग डोळ्यांना दिसतो. अर्धा तास गाडीला हात न लावता बसून राहण्याचं ज्ञान दिसत नाही, म्हणून त्याला भाव नाही. मग मिस्त्रीने तरी का शोधावं? नवी बॅटरी विकली की त्याला दहा मिनिटांत दोन पैसे सुटतात. गॅरेजमध्ये शोध होत नाही ही माझी जुनी तक्रार होती, आणि ती खरी होती. पण तो व्हावा असं वाटत असेल तर त्याची मजुरी आपणच द्यायला हवी. मी आग्रहाने दिली आणि आता ज्यांना त्यांच्याकडे पाठवतो त्यांनाही आधीच सांगून ठेवतो.

जुन्या सल्ल्यातलं काही शिल्लक राहतं का? राहतं. ०.०२ अँपिअर म्हणजे महिन्याला १४-१५ अँपिअर-अवर. त्यात उन्हाळ्यातली बॅटरीची आपली-आपण होणारी झीज धरली तर महिनाभर उभी राहिलेली निरोगी गाडीही सुरू न होण्याच्या बेताला येते. त्यामुळे सुट्टीत महिनाभर बाहेर जाताना बॅटरी पूर्ण भरून केबल काढून ठेवणं आजही योग्यच आहे. काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. पण एका रात्रीत, दोन रात्रींत बॅटरी बसत असेल तर केबल काढून झोपू नका. गळती मोजा. मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. तो प्रवाहाच्या भोकात असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर थेट लावायचा नाही आणि तो जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, एवढी दोन पथ्यं पाळली तर घरच्या घरी आकडा कळतो. आकडा ०.०५ च्या आत असेल तर बॅटरी तपासून घ्या. जास्त असेल तर गळती गाडीत आहे, तिला ठरलेली जागा आहे आणि ती सापडते.

झाशीत ज्यांना मी तो जुना सल्ला दिला होता, त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी गाडी घेऊन माझ्याकडे यावं. मीटर माझ्याकडे आहे. गाडी झोपेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी, चहा आमच्याकडचा. आणि गळती माझ्या आवाक्याबाहेरची निघाली तर आपण दोघं सीपरी बाजारात जाऊ.